लेण्यातला अंधार आणि उसातला अंधार

मान्मोडीच्या डोंगरात, भूतलिंग नावानं ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांमध्ये, एक चैत्यगृह आहे. त्याच्या कमानीखालच्या अर्धवर्तुळात कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे पाडले आहेत. मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी आहे आणि शेजारचे हत्ती तिच्यावर पाणी ओतताहेत. तिथंच ब्राह्मी अक्षरांत एक लहानशी ओळ कोरली आहे: हा दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाचं दान. नाणेघाटातून चालणाऱ्या व्यापाराच्या जोरावर जुन्नरात कुठकुठली माणसं येऊन स्थिरावली होती, याचा पुरावा म्हणून अभ्यासक ही ओळ नेहमी दाखवतात. मला तिथली दुसरीच गोष्ट खुणावते. दार ओलांडलं की आतलं काम अर्धवट टाकलेलं दिसतं. बाहेरची शोभा पुरी झाली, आतली पोकळी पुरी झाली नाही. देणाऱ्याचं नाव राहिलं, लक्ष्मी राहिली, हत्ती राहिले. ज्याच्यासाठी एवढं दार सजवलं तो अंधार तेवढा घडायचा राहून गेला.

अंधार घडवावा लागतो हे ऐकायला विचित्र वाटतं. आपल्या लेखी तो आपोआप होतो; दिवस मावळला, वीज गेली की झाला. लेणं खोदणाऱ्याचा धंदा नेमका उलटा होता. उन्हानं तापलेला काळा कडा समोर, त्याला छिन्नी लावायची, वरून खाली उतरत यायचं, फोडलेला दगड ओढून काढून उतारावर लोटायचा. महिनोन्महिने हे केल्यावर हाती काय लागायचं? खांब आणि स्तूप लागायचे हे खरं, पण त्यांच्याभोवती जी सावली साठायची तीही त्याच श्रमाची कमाई होती. घर बांधणारा भिंती उभारतो आणि अंधार त्याच्या घरात फुकट येतो. लेणं कोरणाऱ्याला तो इंचाइंचानं मिळवावा लागतो.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मान्मोडी, शिवनेरी, तुळजा असे सगळे गट धरले तर, दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. एका गावाच्या परिसरात इतकी लेणी भारतात दुसरीकडे नाहीत. पण त्यांत अजिंठ्यासारखी चित्रं नाहीत, वेरूळसारखे शिल्पपट नाहीत. शिवनेरीच्या एका सपाट छताच्या चैत्यगृहात रंगाचे थोडे अवशेष, कुठं एखादी कोरीव कमान, बाकी साध्या भिंती, दगडी ओटे, पाण्याची टाकी. म्हणून आलेला पाहुणा म्हणतो, ‘इथं बघण्यासारखं काही नाही.’ त्याचं अगदीच चुकतं असं नाही. बघण्यासारखं कमी आहे. पण कित्येक पिढ्या खपून या लोकांनी डोंगराच्या पोटात अंधार बसवला, त्याला लांबी-रुंदी दिली, दार दिलं, कुठं किती उजेड येऊ द्यायचा ते ठरवलं. कलेतल्या अंधाराबद्दल बोलायचं तर मला रेम्ब्राँ किंवा कॅराव्हाज्जिओपासून सुरुवात करायचं कारण दिसत नाही. ते नंतर आले.

लेण्याद्रीच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, चैत्यगृहात, भर उन्हातून शिरावं. पहिल्या मिनिटाला काही म्हणजे काही दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा दोन काळ्या पट्ट्या वाटतात. मग टोकाचा स्तूप कळतो, आधी त्याची गोलाई आणि नंतर त्याचं वजन. तिथंच थांबलं तर खांबांच्या माथ्यावरचे घट सुटे होतात, त्यांच्यावर पाठीला पाठ लावून बसलेले हत्ती आणि वाघ ओळखू येतात. सगळ्यात शेवटी छताच्या फासळ्या दिसतात. लाकडी इमारतीच्या वक्र वाशांची ती दगडातली नक्कल आहे. भार पेलण्यासाठी त्यांची काडीची गरज नाही. डोळ्यातल्या ज्या पेशी मंद उजेडात काम करतात त्यांना पुरतं जागं व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. त्यांना रंग कळत नाहीत, आकार कळतात. कोरणाऱ्याला हे शास्त्र ठाऊक असायची गरज नव्हती, कारण तो रोज त्याच दारातून उन्हातून आत येत होता. आपण ज्या क्रमानं ते दालन पाहतो तो क्रम त्याच्या हाताखालून गेलेला आहे.

म्हणजे अंधाराचं पहिलं काम वेळ मागणं हे. उजेडात ठेवलेली वस्तू एका नजरेत संपते. अंधारातली वस्तू स्वतःला हप्त्याहप्त्यानं देते, आणि किती हप्ते घ्यायचे हे पाहणाऱ्याच्या सबुरीवर सोडते. आपण मात्र तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून घामाघूम होऊन येतो, दाराशीच मोबाइलचा टॉर्च लावतो, स्तूपाचा फोटो काढतो आणि वळतो. त्या पांढऱ्या झोतात स्तूप गावच्या पाण्याच्या टाकीसारखा दिसतो. मग बघण्यासारखं काही नव्हतं ही तक्रार खरी ठरते.

शेजारचं सातव्या क्रमांकाचं लेणं म्हणजे अष्टविनायकांतला गिरिजात्मज. मुळात तो विहार आहे: मध्ये एकही खांब नसलेलं प्रशस्त दालन आणि तीन बाजूंना भिक्षूंच्या वीस खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक करून तिथं गणपती बसवला. या मंदिरात दिवसभर सूर्याचा उजेड असतो, विजेच्या दिव्याची गरजच पडत नाही, असं भाविक कौतुकानं सांगतात. कौतुक खरं आहे. पण एकाच कड्यावर लागून असलेल्या या दोन दालनांपैकी एकाची थोरवी उजेडानं सांगितली जाते आणि दुसऱ्याची सांगायला कुणी उरलेलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. गर्दी कुठं असते ते वेगळं सांगायला नको.

याच पुणे जिल्ह्यातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात हा विचार आणखी पुढं नेलेला दिसतो. तिथं दर्शनी भिंतीत नालेच्या आकाराची मोठी खिडकी आहे. तिच्यातून येणारा उजेड मधल्या दालनावर आणि स्तूपावर पडतो, खांबांमागच्या दोन्ही पडव्या काळोखात राहतात. प्रदक्षिणेची वाट त्या पडव्यांतून जाते. उजेडात पाहायचं आणि अंधारातून चालायचं, अशी ती वाटणी आहे. उजेड तिथं आहेच. पण तो किती, कुठून आणि कशावर, हे कुणीतरी ठरवलेलं आहे. जुन्नरच्या कितीतरी लेण्यांचे दर्शनी भाग काळाच्या ओघात ढासळले. तिथं दुपारी उभं राहिलं की खांब असतात, ओटे असतात, पण दालन म्हणून जे होतं ते उरलेलं नसतं. लेण्यातला दगड पुष्कळ टिकतो. अंधार एका भिंतीबरोबर जातो.

हे फक्त वास्तूचं झालं असं कुणी म्हणेल. म्हणून एक चित्र घेतो, तेही सगळ्यांच्या ओळखीचं. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी 1945-46 च्या सुमारास ‘ग्लो ऑफ होप’ रंगवलं. हातात समई घेतलेली स्त्री, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि आजही निम्म्या घरांत त्याची प्रत राजा रविवर्म्याच्या नावावर टांगलेली असते. लोक ज्योतीचं कौतुक करतात. पण हे तैलचित्र नाही, जलरंगातलं आहे, आणि पारदर्शक जलरंगाची रीत अशी की पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो. उजेड चित्रकाराला कागदाबरोबर मिळालेला असतो. तो रंगवतो ती सावली: पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा हात, पदराच्या घडीत थोडा दाट, मागच्या भिंतीवर आणखी दाट. एखादा हात चुकून ज्योतीवर गेला की उजेड गेला, तो परत आणता येत नाही. हळदणकरांनी त्या कागदावर जो काही घाम गाळला तो अंधारावर गाळला. आपण दाद देतो ती त्यांनी हात न लावलेल्या जागेला.

‘अंधार’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात दुसरंही काही येतं: उदास विषय, मरण, नियती, जी. ए. कुलकर्णी. ‘काजळमाया’चा लेखक एवढा काळा का, हा प्रश्न त्यांच्या हयातीत विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्या वादात मला फारसं स्वारस्य नाही. दुःखद विषय घेतला म्हणून लेखन खोल होत नाही. मरणावर लिहिलेल्या सपाट कथांचा ढीग आपल्याकडे आहे, दिवाळी अंकागणिक त्यात भर पडते. जी. ए. मोठे वाटतात ते विषय काळा आहे म्हणून नव्हे. वाचकाला काय केव्हा दिसू द्यायचं यावर त्यांचा हात होता. तो प्रश्न पुन्हा खिडकीचाच आहे.

इथवर सगळं ठीक वाटतं. पण हे जुन्नर-आंबेगावात बसून लिहायचं तर एक आक्षेप दाराशीच उभा असतो, आणि तो लेखकाला नव्हे, उसात पाणी भरणाऱ्या माणसाला सुचतो: ‘अंधाराचं कौतुक करायला तुमचं काय जातंय?’

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, आणि घोड नदीवरचं डिंभे. कोरडवाहू शिवारात पाटाचं पाणी आलं, पाण्याबरोबर ऊस आला, आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसाच्या आडोशाला बिबट्या आला. नुसता आला नाही, तिथंच पिल्लं घालून वाढवू लागला. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावं लागलं. माणसांवर हल्ले झाले, माणसं आणि लहान मुलं गेली. याच भागात शेतीपंपांची वीज पाळीनं मिळते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रपाळी आली की मोटार चालू करायला, दारं मोडायला रात्री शिवारात जावंच लागतं. हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्यानं लावलेलं गाणं, कुणी सोबतीला असलं तर बरं. मोबाइलवर तेव्हा अभंग वाजतो की रिमिक्स याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, आवाज झाला पाहिजे. या माणसाला अंधार वेळ मागत नाही, जीव मागतो.

जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी 1933 साली सावल्यांच्या सौंदर्यावर एक लांबलचक निबंध लिहिला. अंधारात लाखेची भांडी कशी खुलतात, कागदी दारांतून गाळून आलेला उजेड कसा मऊ होतो, विजेच्या दिव्यांनी हे सगळं कसं मारलं. निबंध सुंदर आहे, आणि जगभरचे वास्तुरचनाकार त्याची शपथ घेतात. पण वाचताना मला नेहमी वाटतं की त्या अर्धवट उजेडाच्या घरात चूल पेटवणारी, भांडी घासणारी बाई निबंधात का बोलत नाही? सावली ज्याच्या मालकीची त्याला ती सुंदर. जो तिच्यात राबतो त्याला विचारलेलं नाही.

या आक्षेपाला एक सोपं उत्तर आहे, आणि बराच काळ मला तेच पुरेसं वाटायचं. निवडलेला अंधार वेगळा आणि लादलेला अंधार वेगळा. लेण्यात आपण आपल्या पायांनी जातो आणि बाहेर येऊ शकतो. नाटकात तिकीट काढून बसतो. उसातला माणूस महावितरणच्या वेळापत्रकानं जातो. पहिला कलेचा, दुसरा अन्यायाचा. नीटनेटकी वाटणी आहे. अडचण एवढीच की याच मुलखात तयार झालेल्या दोन मोठ्या कला या वाटणीत बसत नाहीत.

पहिली, जात्यावरची ओवी. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि आजूबाजूच्या गावांतून बायकांच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. जगात दुसऱ्या कुठल्या भाषेत एवढा मोठा, निव्वळ बायकांचा काव्यसंग्रह असेल असं मला वाटत नाही. आणि तो झाला पहाटेच्या अंधारात. दळण पहाटेच, कारण दिवस तिचा नव्हता. कोंबडं आरवायच्या आत उठून पायलीभर धान्य दळायचं, मग शेण, पाणी, भाकरी, रान. तो अंधार तिनं निवडला असं म्हणणं म्हणजे तिची थट्टा. पण त्याच अंधारात, घर झोपलेलं असताना, दगडाच्या घरघरीच्या आडून तिनं सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, सीतेच्या वनवासाबद्दल जे म्हटलं ते दिवसाउजेडी तिला म्हणता आलं नसतं. चेहरा दिसत नव्हता, आणि जात्याच्या आवाजानं शब्द चार हातांपलीकडे जात नव्हते. समोर दुसऱ्या बाजूनं खुंटा धरून बसलेली जाऊ किंवा नणंद, एवढाच श्रोतृवर्ग. पुढं गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ते बरंच झालं. ज्यांना त्याचं दुःख होतं त्यांनी पायलीभर बाजरी दळून पाहावी. पण गिरणीबरोबर पहाटेची ती एक जागा गेली आणि तिच्या बदल्यात बाईला दुसरी कुणी दिली नाही.

दुसरी, तमाशा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गावोगावच्या जत्रांचा हंगाम तोंडावर आला की फडमालक इथं राहुट्या टाकून बसतात, पंचक्रोशीतले कारभारी येतात, तारखा आणि सुपाऱ्या ठरतात. ढोलकीफडाचा तमाशा ही रात्रीची कला. गण, गवळण, बतावणी होईपर्यंत लोक स्थिरस्थावर व्हायचे. मध्यरात्रीनंतर वग उभा राहायचा आणि तांबडं फुटेपर्यंत चालायचा. पलित्यांच्या, नंतर गॅसबत्तीच्या उजेडात बोर्ड तेवढा उजळायचा आणि माणसांचा समुद्र काळोखात असायचा. त्या काळोखात पाटलाची टिंगल ऐकून कोण हसलं हे पाटलाला दिसत नव्हतं. मांग, महार, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी गावाच्या तोंडावर गावाचं पितळ उघडं पाडायचं आणि गावानं ते हसून घ्यायचं, हा व्यवहार अंधाराच्या साक्षीनंच शक्य होता.

पण त्याच कनातीच्या मागेही अंधार होता. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाचा वारसा चालवणाऱ्या विठाबाईंची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे: दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहायची तयारी केली. आपण ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगतो. मला ती तशी ऐकवत नाही. समोर उजळलेला बोर्ड आणि दोन हातांवर, कापडाच्या पलीकडे, दिवासुद्धा धरायला कुणी नाही अशी बाळंतपणाची जागा. विठाबाईंना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. 2002 साली त्या गेल्या तेव्हा अखेरचे दिवस हलाखीत गेलेले होते. कनातीच्या दोन बाजूंचा हा हिशेब कधी जुळला नाही. तमाशातल्या अंधाराचं कौतुक करणाऱ्यानं तो कनातीच्या दोन्ही बाजूंनी मोजावा.

तर निवडलेला आणि लादलेला ही वाटणी टिकत नाही. दळणारणीचा अंधार लादलेला होता आणि त्यातून कविता निघाली. कनातीपुढचा अंधार आणि मागचा अंधार एकाच रात्रीचा, एकीकडून कला झाली, दुसरीकडे हाल. मग फरक कशात? मला वाटतं, फरक दिवा कुणाच्या हातात आहे यात आहे. खिडकी कोरणाऱ्याला किती उजेड आत घ्यायचा हे ठरवता येत होतं. हळदणकरांना कागद कुठं कोरा सोडायचा हे ठरवता येत होतं. दळणारणीला फार काही ठरवता येत नव्हतं, पण दळणाच्या त्या वेळात काय उघड करायचं आणि काय आवाजाखाली दाबायचं हे तिचं तिच्याकडे होतं. उसात उभ्या असलेल्या माणसाचा खटका मात्र उपकेंद्रात असतो. त्याच्या अंधारात त्याला काहीच ठरवता येत नाही. म्हणून तिथं भीती तयार होते, दुसरं काही नाही.

दिवा हातात असल्यानं काय फरक पडतो हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर जागरण-गोंधळ पाहावा. वडजचा कुलस्वामी खंडोबा, आंबेगाव तालुक्यातल्या धामणीचा म्हाळसाकांत. दोन्ही तालुक्यांत खंडोबा कुलदैवत असलेली घरं पुष्कळ, आणि लग्नानंतर जागरण चुकत नाही. चौक मांडतात, घट बसवतात, संबळ आणि तुणतुणं सुरू होतं, दिवटी पाजळतात. दिवटी धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात तेलाची बुधली असते. तेलाची धार सोडली की ज्योत उसळते, कथा सांगणाऱ्याचा चेहरा, भंडारा माखलेलं कपाळ वर येतं; तेल जळत आलं की चेहरा परत बुडतो आणि फक्त आवाज राहतो. कुठल्या वाक्याला तेल घालायचं हे मुरलेल्या माणसाला बरोबर कळतं. म्हाळसा-बाणाईच्या भांडणाला ज्योत मोठी, खंडोबा धनगरवाड्यावर जातो तेव्हा लहान. आज तेच जागरण अंगणात मंडप टाकून, चारी खांबांना हॅलोजन लावून होतं. दिवटी असते, पूजेतली आहे म्हणून असणारच. पण त्या उजेडात तिची ज्योत फिकी, जवळजवळ पारदर्शक दिसते. डोळ्यात भरतो तो वरचा धूर आणि तेलानं काळं झालेलं फडकं. गोंधळ्याचा चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच उजळ. बुधलीवाल्याच्या हातातला निर्णय मंडपवाल्याच्या जनरेटरनं घेतला, आणि जनरेटरला कथा कळत नाही. बारा वाजता व्हिडिओ शूटिंगवाला ‘जरा लाइट इकडे’ म्हणतो, तेवढाच काय तो फरक.

तमाशाचंही तेच, थोड्या वेगळ्या वाटेनं. फडांकडे आता ट्रकभर लाइट आहेत, रंगीत, फिरणारे. आणि ध्वनिक्षेपकावर रात्री दहाची मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे, सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. नियमाला माझा विरोध नाही. डीजेच्या भिंतीशेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी तो मागितला तर योग्यच. पण वगाला रात्र लागते. कथानकाचा गुंता वाढवायला, माणसाला पेंग येऊन पुन्हा जाग यायला, पहाटेचा गारठा आणि नायकाचा शेवट एकाच वेळी यायला. परवानगी मिळेल तिथं रात्र मिळते. नाही तर वग आटोपता घेतात आणि गाण्यांवर वेळ भरून काढतात. मग लोक म्हणतात, तमाशात राम राहिला नाही.

अंधार राखायचा तर नियम लागतात, हे जुन्नर तालुक्याला नवं नाही. नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. जाळीच्या 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, काही खोडदच्या माळावर जवळजवळ आणि काही तीन दिशांना दूर शेतांतून पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली त्यात इथं रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता हे एक मोठं कारण होतं. दुर्बिणीला हवा असतो तो रेडिओचा अंधार. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनकडून येणारा संकेत इतका क्षीण असतो की जवळचा मोबाइलसुद्धा त्याला बुडवतो. म्हणून परिसरात बंधनं आहेत, आणि विज्ञान दिनाला प्रदर्शन पाहायला झुंबड करणारी शाळेची मुलं ती मुकाट्यानं पाळतात. तिथं कुणी म्हणत नाही की हा मागासलेपणा आहे, शास्त्रज्ञांना उजेड नको आहे. क्षीण गोष्ट ऐकायची तर मोठ्या गोष्टी गप्प बसवाव्या लागतात, हे विज्ञानाच्या बाबतीत आपण लगेच मान्य करतो. त्याच तालुक्यातल्या लेण्याबद्दल तेच म्हटलं की कलावाद्याची हौस वाटते.

2018 साली जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. पर्यटन म्हटलं की पहिला प्रस्ताव रोषणाईचा येतो: किल्ल्याला, बुरुजांना, कड्याला, लेण्याला. रस्त्याला दिवे हवेतच, पायऱ्यांना तर हवेतच. पण चैत्यगृहात झोत सोडणं म्हणजे हळदणकरांच्या चित्रात सावलीत पुरेसं दिसत नाही म्हणून ती पुसून काढणं. लेण्याद्रीच्या दाराशी एक बाक आणि ‘टॉर्च लावू नका, आत दहा मिनिटं थांबा’ एवढी पाटी पुरे. खर्चही नाही. दहा मिनिटांत सगळं दिसणार नाही, पण हत्तींपर्यंत माणूस पोचेल.

जागरणाच्या मंडपातही हॅलोजन अर्धा तास बंद ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. मी हे एकदोन ठिकाणी सुचवूनही पाहिलं. गोंधळ्यांना पटतं, जुन्या गोंधळ्यांना तर फारच. घरच्या कर्त्या माणसाला पटत नाही, आणि त्याचं कारण व्हिडिओवाला नसतो. मंडपाच्या मागं वीस पावलांवर ऊस असतो, अंगणात नातवंडं पळत असतात. हॅलोजन देवासाठी लावलेला नाही, बिबट्यासाठी लावला आहे. त्याच्याशी सौंदर्यशास्त्राचा वाद घालण्यात अर्थ नाही. शेतीपंपाला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, तिची दुसरी आवृत्तीही आली. ती या शिवारात वेळेवर आणि पुरती पोचणं हा या लेखाच्या विषयाचाच भाग आहे, ऊर्जाखात्याचा वेगळा विषय नाही. घराभोवतीच्या उसाचं, उघड्यावरच्या गोठ्यांचं, एकट्यादुकट्या वस्त्यांचंही काही करावं लागेल. रात्री रानात जायची सक्ती उठली, अंगणातलं पोर सुरक्षित आहे असं वाटू लागलं, की मग त्या कर्त्या माणसाकडे दिवटीपुरता अर्धा तास मागता येईल. त्याआधी मागितला तर तो नाही म्हणेल, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.